दाखल्यातले विशेषण : लष्करी वैमानिकांच्या निवडीतून भाषाशिक्षकाला मिळणारा धडा

शाळेत मराठी शिकवताना मी किती वर्तणुकीचे दाखले लिहिले असतील, याची मोजदाद नाही. मजकूर मात्र पाठ आहे : ‘हा विद्यार्थी कष्टाळू, प्रामाणिक व आज्ञाधारक असून त्याची वर्तणूक समाधानकारक आहे.’ नाव आणि तारीख तेवढी बदलायची. काही वर्षांपूर्वी आमच्या सीमाभागातल्या एका खेड्यातला, मराठी माध्यमात शिकलेला माजी विद्यार्थी असाच दाखला घेऊन हवाई दलाच्या निवडीला गेला. त्याला वैमानिक व्हायचे होते. काही दिवसांनी तो परतला, निवड न होता. नकाराची कारणे उमेदवाराला सांगण्याची पद्धत तिथे नाही. तो मला भेटायला आला आणि त्याने विचारले, “सर, माझ्यात नेमकं काय कमी पडलं?”

मला उत्तर देता आले नाही. निवड मंडळाने काय पाहिले हे मला ठाऊक नव्हते, यात नवल नाही. खटकले ते दुसरेच. या मुलाला मी पाच वर्षे रोज वर्गात पाहिले होते आणि तरी त्याच्याविषयी माझ्याजवळ लिहिलेली अशी तीन विशेषणेच होती.

प्रस्तुत लेख त्या अस्वस्थतेतून निघाला आहे. लष्करी वैमानिकांची मानसशास्त्रीय निवड हा विषय भाषेच्या वार्षिकात कशासाठी, असे वाचकाला वाटणे साहजिक आहे. पण या निवडीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास वाचत गेलो, तसे लक्षात आले की त्यातला मोठा भाग भाषेच्या प्रश्नाशी निगडित आहे. माणसाविषयी आपण जे शब्द वापरतो, ते त्याने केलेल्या कृतीची नोंद असतात की आपल्या मनातल्या ग्रहाची, हा तो प्रश्न. विमानाच्या बाबतीत त्याचे उत्तर चुकले तर माणसे मरत होती. म्हणून तिथे त्याचा छडा लावणे भाग पडले.

घोडेस्वाराचा हलका हात

पहिल्या महायुद्धाच्या काळात विमान हे नवे यंत्र होते आणि ते चालवण्यास कोण योग्य, याचा कोणालाच अनुभव नव्हता. अशा वेळी माणूस जुन्या उपमेचा आधार घेतो. ब्रिटनमध्ये घोडेस्वारीचा आधार घेतला गेला. चांगल्या घोडेस्वाराचा लगामावरचा हात हलका असतो. विमानाची दांडीही हलक्या हातानेच धरावी लागते. तेव्हा घोड्यावर बसणारा विमान चांगले चालवील, अशी ही विचारसरणी. मुलाखतीत उमेदवाराची शाळा, त्याचे खेळ आणि त्याचे घोडेस्वारीचे कौशल्य यांना वजन मिळे. उपमा सुंदर होती, पण ती कोणी तपासली नव्हती. आणि घोडा बाळगणे कोणत्या घरांना परवडत होते, हे ध्यानात घेतले की या उपमेने आपोआप कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, हेही उघड होते.

त्याच युद्धात मोजमापाचे पहिले प्रयत्न झाले. फ्रान्समध्ये काम्यू आणि नेपे या वैद्यांनी उमेदवारांच्या प्रतिक्रियेचा वेळ मोजला. अनपेक्षित धक्का दिल्यावर हाताचा कंप आणि श्वास किती बदलतो, हे नोंदवले. अमेरिकेत जॉर्ज स्ट्रॅटन आणि एडवर्ड थॉर्नडाइक यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी तशाच चाचण्यांचे निकाल प्रशिक्षणातील यशापयशाशी पडताळून पाहिले. यातली उपकरणे आज बाळबोध वाटतील. पद्धतीतला बदल मात्र महत्त्वाचा होता. ‘हा शूर दिसतो’ असे म्हणण्याऐवजी ‘आवाज झाल्यावर याचा हात इतका हलला’ असे लिहिण्याची ती सुरुवात होती.

दोन महायुद्धांच्या दरम्यान अमेरिकन लष्करी वैद्य नीली मॅशबर्न यांनी एक यंत्र तयार केले. त्यातून पुढे दुसऱ्या महायुद्धातील ‘संयुक्त समन्वय चाचणी’ निघाली. उमेदवारासमोर लाल दिव्यांची एक रचना उजळे. हाताने दांडी आणि पायांनी पट्ट्या हलवून त्याने हिरवे दिवे त्या लाल दिव्यांच्या जोडीला आणायचे. जुळले की पुढची रचना. ठरावीक वेळात किती रचना जुळल्या, एवढेच मोजायचे. परीक्षकाला उमेदवाराचे घराणे ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्या काळच्या चाचण्यांत प्रशिक्षणातील यशाचा चांगला अंदाज देणाऱ्यांत हिची गणना झाली.

हजार अहवाल आणि त्यांतले शब्द

१९४१ साली अमेरिकेच्या हवाई दलात जॉन फ्लॅनागन यांच्या नेतृत्वाखाली वैमानिकी मानसशास्त्राचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. उड्डाण प्रशिक्षणातून बाद होणाऱ्या उमेदवारांचे प्रमाण मोठे होते. मुले बाद का होतात, हे आधी कळले पाहिजे, म्हणून प्रशिक्षण शाळांतून काढलेल्या १००० उमेदवारांबाबत दिलेल्या कारणांचे विश्लेषण झाले.

त्या अहवालांत काय सापडले, याचे वर्णन फ्लॅनागन यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात केले आहे, आणि कोणाही भाषाशिक्षकाने ते वाचावे असे आहे. पुष्कळ ठिकाणी कारण म्हणून ठरीव शब्द लिहिलेले होते : उपजत उड्डाणक्षमतेचा अभाव, अयोग्य मनोवृत्ती, सदोष निर्णयशक्ती, अपुरी प्रगती. शेरा लिहिणारे प्रशिक्षक अनुभवी होते. त्यांनी त्या मुलाला हवेत चुकताना प्रत्यक्ष पाहिले होते. पण कागदावर उतरताना पाहिलेली गोष्ट गळून पडली आणि उरला एक शिक्का.

या शिक्क्यात दोष कोणता? ‘उपजत क्षमतेचा अभाव’ हे कारण नसून निकालच वेगळ्या शब्दांत सांगितलेला आहे. मुलगा उडू शकला नाही, का? तर उडण्याची क्षमता नव्हती. न्यायशास्त्रात याला आत्माश्रय दोष म्हणतात. सिद्ध करायची गोष्टच पुरावा म्हणून पुढे करणे. अशा अहवालांवरून चाचणी तयार करता येत नाही, कारण चाचणीत नेमके काय तपासावे, हे त्यात नसते. ‘उतरताना धावपट्टीपासूनची उंची ओळखता आली नाही’, ‘एका उपकरणाकडे पाहताना बाकीच्यांवरचे लक्ष सुटले’ असे लिहिलेले असेल, तर त्यावरून काही रचता येते. पहिल्यावरून अंतराच्या अंदाजाची चाचणी करता येईल, दुसऱ्यावरून लक्ष विभागण्याची.

या अनुभवातूनच पुढे ‘निर्णायक प्रसंग पद्धत’ विकसित झाली. तिचा गाभा साधा आहे. ज्याने प्रसंग पाहिला त्याला मत विचारायचे नाही. काय घडले, त्या माणसाने काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला, हे विचारायचे. १९४४ मध्ये लढाईतील नेतृत्वाच्या अभ्यासासाठी असे हजारो प्रसंग गोळा केले गेले. आज परिचारिकांपासून शिक्षकांपर्यंत अनेक व्यवसायांच्या अभ्यासात ही पद्धत वापरली जाते.

गृहीतकाचीच परीक्षा

जानेवारी १९४२ पर्यंत अमेरिकेत वैमानिक उमेदवाराला महाविद्यालयाच्या दोन वर्षांची अट होती. ती काढून तिच्या जागी एक पात्रता परीक्षा आणली गेली आणि त्यानंतर चाचण्यांचा संच. सर्व चाचण्यांचे गुण एकत्र करून उमेदवाराला १ ते ९ मधला एक अंक दिला जाई. १ सर्वांत कमी, ९ सर्वांत वरचा. प्राथमिक उड्डाण प्रशिक्षणात ९ अंक मिळालेल्यांपैकी सुमारे ४ टक्के बाद झाले. १ अंक मिळालेल्यांपैकी सुमारे ७७ टक्के. मधल्या पायऱ्यांवरही अंक जसा घटत गेला तसे बाद होण्याचे प्रमाण वाढत गेले.

हे आकडे बोलके आहेत, पण शास्त्रज्ञांना आणखी एक शंका फेडायची होती. चाचणीत नापास झालेल्यांना विमानात बसूच दिले नाही, तर ते खरोखर अपयशी ठरले असते कशावरून? म्हणून १९४३ मध्ये हजाराहून अधिक उमेदवारांना, चाचणीचा निकाल काहीही असो, सरसकट प्रशिक्षणाला पाठवले गेले. भर युद्धात, विमाने आणि प्रशिक्षक अपुरे असताना, आपली चाचणी खोटी ठरू शकेल असा प्रयोग करायला संस्थेच्या अंगी मोठा प्रामाणिकपणा लागतो.

या गटातील १०३६ उमेदवारांचे निष्कर्ष रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी १९४९ मध्ये मांडले. पहिल्या महायुद्धात वैमानिकांच्या चाचण्यांवर काम केलेल्या एडवर्ड थॉर्नडाइक यांचे हे चिरंजीव. संपूर्ण गटात चाचणीचा अंक आणि प्रशिक्षणातील यश यांचा सहसंबंध ०.६४ आला. सहसंबंध ० म्हणजे दोन गोष्टींचा मेळ नाही आणि १ म्हणजे पूर्ण मेळ, असे मानले तर माणसांच्या बाबतीत ०.६४ हा मोठाच आकडा आहे. नंतर त्यांनी फक्त त्या १३६ जणांकडे पाहिले, जे एरवीच्या कडक निकषावर निवडले गेले असते. त्यांच्यापुरता तोच सहसंबंध ०.१८ निघाला.

एकच चाचणी, तेच प्रशिक्षण, आणि आकड्यांत एवढी तफावत कशी? शाळेतले उदाहरण घेऊ. दहावीला ९५ टक्क्यांच्या वर मिळालेलीच मुले एका महाविद्यालयात घेतली. बारावीत त्यांच्यातला कोण पुढे जातो, हे दहावीच्या गुणांवरून सांगता येणार नाही, कारण गुणांत सगळी सारखीच आहेत. त्यावरून कोणी ‘दहावीच्या गुणांना अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढला, तर तो चुकेल. ३५ आणि ९५ टक्क्यांची मुले एकत्र शिकली असती तर फरक दिसला असता. चाळणीतून गाळून आलेल्या दाण्यांकडे पाहून चाळणीची पारख होत नाही. स्पर्धा परीक्षांविषयी आपल्या वृत्तपत्रांत चालणारे वाद वाचताना विद्यार्थ्यांनी हा मुद्दा जवळ बाळगावा.

‘उडाले’ या क्रियापदाचे वजन

त्याच काळातली एक गोष्ट मानसशास्त्राच्या पुस्तकांत वारंवार सांगितली जाते. उमेदवारांना पूर्वायुष्याविषयी एक प्रश्नावली दिली जाई. तिच्यात एक प्रश्न असा होता : तुम्ही कधी विमानाची प्रतिकृती बनवली आहे का, आणि ती उडाली का? एडवर्ड क्युरेटन यांच्या म्हणण्यानुसार या एका प्रश्नाचे उत्तर उड्डाणातील यशाचा अंदाज देण्यात चाचण्यांच्या सगळ्या संचाच्या जवळपास पोहोचत होते.

या प्रश्नाची वाक्यरचना तपासून पाहू. ‘तुम्हाला विमानांची आवड आहे का?’ असे विचारले असते, तर प्रत्येक उमेदवाराने होकार दिला असता. ‘तुम्ही विमानाची प्रतिकृती बनवली आहे का?’ या प्रश्नाने थोडी गाळणी झाली असती, तरी बाजारातून आणलेला संच चिकटवणाराही त्यात आला असता. प्रश्नाचा सगळा भार शेवटच्या क्रियापदावर आहे. प्रतिकृती उडण्यासाठी मुलाने पंखांचा तोल साधला असेल, पहिल्यांदा ती नाकावर आपटली असेल, मग त्याने शेपटी वाकवून पाहिली असेल. आवड, चिकाटी, हाताचे कसब, चुकीतून शिकणे, एवढ्या सगळ्यांचा पुरावा ‘उडाले’ या एका शब्दात येतो. विशेषण कोणालाही लावता येते. भूतकाळी क्रियापद मात्र घडलेल्या गोष्टीला बांधलेले असते.

आपल्याकडील निवड

भारतातील अधिकारी निवडीची पद्धत दुसऱ्या महायुद्धातच आकाराला आली. केवळ मुलाखतीवर निवडलेले अधिकारी प्रशिक्षणात मोठ्या संख्येने अपयशी ठरू लागल्यावर ब्रिटनने १९४२ मध्ये मानसशास्त्रज्ञांसह चालणारी निवड मंडळे सुरू केली. त्याच धर्तीवर १९४३ मध्ये डेहराडून येथे प्रायोगिक मंडळ स्थापन झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मानसशास्त्रीय संशोधनाचा विभाग, १९६२ मध्ये संचालनालय आणि १९८२ मध्ये संरक्षण मानसशास्त्र संशोधन संस्था असा त्याचा विस्तार झाला. हवाई दलाची निवड मंडळे डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी येथे आहेत.

मंडळापुढे जाणाऱ्या उमेदवाराला तीन वेगवेगळ्या नजरांनी पाहिले जाते : मानसशास्त्रज्ञ त्याचे लिखाण वाचतो, मुलाखत घेणारा अधिकारी त्याच्याशी बोलतो आणि गटकार्य अधिकारी त्याला फळ्या, दोर आणि पिंपांच्या साहाय्याने अडथळे पार करताना पाहतो. मन, वाणी आणि कृती अशी ही विभागणी तिथे संस्कृत शब्दांतच सांगितली जाते : मनसा, वाचा, कर्मणा. तिघांनी स्वतंत्रपणे मत बनवायचे आणि शेवटी एकत्र बसून पडताळायचे. पुढाकार, जबाबदारीची जाणीव, निर्णयाचा वेग, चिकाटी, अभिव्यक्ती अशा १५ गुणांचा विचार होतो. म्हणजे गुणवाचक शब्द इथेही आहेत. फरक एवढाच, की त्या शब्दामागे वेगवेगळ्या प्रसंगांतल्या नोंदी असाव्या लागतात आणि एकाच्या नोंदीला दुसऱ्याच्या नोंदीचा आधार मिळावा लागतो.

लेखी मानसशास्त्रीय चाचण्या चार आहेत. चित्रावरून कथा लिहिण्याच्या चाचणीत १२ वेळा लिहायचे असते. त्यातली शेवटची चौकट कोरी असते. चित्र ३० सेकंद दिसते आणि कथेला ४ मिनिटे मिळतात. शब्दसाहचर्य चाचणीत ६० शब्द एकामागून एक येतात. प्रत्येकाला १५ सेकंद. प्रसंगप्रतिक्रिया चाचणीत ६० अडचणीचे प्रसंग ३० मिनिटांत सोडवायचे असतात. चौथी चाचणी आत्मवर्णनाची. तीत आईवडील, शिक्षक आणि मित्र यांना तुमच्याविषयी काय वाटते आणि तुम्हाला स्वतःविषयी काय वाटते, हे लिहायचे असते.

वैमानिक होऊ इच्छिणाऱ्याला याखेरीज यंत्रावरची परीक्षा द्यावी लागते. पूर्वीच्या संचात तीन भाग होते : उपकरणांच्या तबकड्या पाहून विमान कसे कलले आहे ते ओळखणे, दांडी आणि पायपट्ट्यांनी सरकणारा ठिपका चौकटीत राखताना मध्येच लागणाऱ्या दिव्यांना आणि आवाजांना प्रतिसाद देणे, आणि फिरत्या पट्टीवरचे ठिपके वेग सांभाळत टिपणे. २०१०च्या दशकात त्याची जागा संगणकीय वैमानिक निवड प्रणालीने घेतली. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. त्यात अपयश आले तर हवाई दलाच्या इतर शाखा खुल्या राहतात, उड्डाणशाखेचे दार मात्र कायमचे बंद होते.

असा नियम का असावा? यंत्रावरचा सराव हातात उतरतो. दुसऱ्या वेळी मिळालेले गुण उमेदवाराच्या मूळच्या समन्वयाचे की आधीच्या ओळखीचे, हे सांगता येत नाही. तरी एका सकाळवर आयुष्याची दिशा ठरते, हे त्या वयाच्या मुलाला जड जाणारच. इंग्लंडच्या हवाई दलाने १९४२ मध्ये याच अडचणीवर एक उपाय केला होता : उमेदवाराला सुमारे १२ तास प्रत्यक्ष विमानात शिकवायचे आणि मग तो वैमानिक, दिशादर्शक की आणखी काही होईल, हे ठरवायचे. कामाचा तुकडाच परीक्षा म्हणून वापरण्याची ही रीत खर्चिक आहे, पण उमेदवारालाही ती पटते.

मराठी माध्यमाच्या मुलापुढे आणखी एक अडचण असते. ही उत्तरे त्याला मराठीत लिहिता येत नाहीत. शब्द दिसल्यावर मनात उमटणारा पहिला विचार मातृभाषेत येतो आणि १५ सेकंदांतला काही वेळ तो दुसऱ्या भाषेत नेण्यात जातो. अशा वेळी हाताशी असलेले तयार, ठोकळेबाज वाक्य लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. तयार वाक्यात मात्र तो मुलगा स्वतः कुठेच नसतो. यावर भरभर भाषांतर करण्याचा सराव हा अर्धाच उपाय आहे. आधी आपल्याच भाषेत स्वतःच्या अनुभवाविषयी नेमके, लहान वाक्य करता आले पाहिजे. जे मराठीत धूसर आहे, ते इंग्रजीत स्पष्ट होत नाही.

माझा विद्यार्थी बोलता बोलता एक गोष्ट सांगून गेला. “शिक्षकांचं मत लिहायचं होतं, सर. मला तुमच्या दाखल्यातलंच वाक्य आठवलं. तेच लिहिलं.” त्या एका वाक्यामुळे तो मागे पडला, असे मी म्हणत नाही, निवड अशी एका वाक्यावर होत नसते. पण स्वतःविषयी काही सांगायची वेळ आली तेव्हा त्याच्या हाती मी दिलेली तीन विशेषणे होती, हे खरे.

निवडीच्या मर्यादा

या शास्त्राची स्तुती करताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन अभ्यासांत शाईच्या डागांवरून स्वभाव ओळखण्यासारख्या चाचण्या उड्डाण प्रशिक्षणातील यश सांगण्यात फारशा उपयोगी ठरल्या नाहीत. दिवे जुळवणारे यंत्र ज्या कामात सरस ठरले, तिथे मनाचा तळ शोधणारी साधने मागे पडली. जर्मन सैन्यातही हस्ताक्षर आणि चेहऱ्यावरचे भाव यांवरून चारित्र्य वाचणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना मोठा मान होता. १९४२ मध्ये तिथल्या हवाई दलाने आपली मानसशास्त्रीय सेवाच बंद केली. म्हणून आजही एखाद्या कथेवरून थेट निष्कर्ष न काढता तो गटकार्यातल्या वागण्याशी ताडून पाहणे, हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. अपघात झाला की ‘वैमानिकाची चूक’ असे लिहून फाईल बंद करण्याची सवय होती. पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी १९४७ मध्ये अशा ४६० चुकांचे प्रत्यक्ष वर्णन गोळा करून तपासले. चुकीची कळ ओढली जाणे हा त्यातला मोठा प्रकार होता. काही विमानांत चाके आणि पंखांच्या झडपा यांच्या कळा शेजारी होत्या आणि दिसायला सारख्या होत्या. उतरल्यावर झडपा मिटताना चाकेच मिटली जात. आल्फॉन्स शापानिस यांनी चाकांच्या कळीला चाकासारखी आणि झडपांच्या कळीला पंखासारखी मूठ बसवण्याची कल्पना मांडली. हात न पाहताही ओळखू लागला. दोष माणसाच्या निवडीत कमी आणि यंत्राच्या मांडणीत अधिक होता, पण ‘वैमानिकाची चूक’ या शब्दांनी तो झाकून ठेवला होता. वर्गातल्या ‘दुर्लक्षी’ मुलाला फळ्यावरचे अक्षर दिसते का, हे आपण तपासतो का?

शेरा लिहिण्याचा अभ्यास

आता आपल्या टेबलाकडे वळू. शिक्षकाला प्रगतिपुस्तक, दाखला, शिफारसपत्र लिहावे लागते, लेखकाला व्यक्तिचित्र, संपादकाला अभिप्राय. या सर्वांसाठी फ्लॅनागन यांच्या पद्धतीतले तीन प्रश्न पुरेसे आहेत : प्रसंग कोणता होता? त्याने काय केले? त्यातून काय झाले?

‘नेतृत्वगुण आहेत’ या शेऱ्याऐवजी असे लिहिता येईल : ‘सहलीत पावसाने वाट बंद झाली तेव्हा याने लहान मुलांची यादी करून त्यांना दोन-दोनच्या जोड्यांत शाळेत आणले. सर्वजण पोहोचल्यावरच तो घरी गेला.’ ‘अभ्यासात लक्ष नाही’ याऐवजी : ‘गृहपाठ सोमवारी नेहमी अपुरा असतो, इतर दिवशी पूर्ण.’ दुसरे वाक्य वाचल्यावर आठवडी बाजाराच्या रविवारी हा मुलगा दुकानावर बसतो का, असा प्रश्न सुचतो. पहिल्या वाक्यानंतर काहीच सुचत नाही. ‘हुशार पण आळशी’ या लोकप्रिय शेऱ्यात तर दोन विशेषणे एकमेकांना खोडतात आणि पालकाच्या हाती शून्य येते.

विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम सुचवतो. प्रत्येकाने वर्गातील एका मित्राविषयी पाच वाक्ये लिहावीत. अट एवढीच, की एकही गुणवाचक विशेषण वापरायचे नाही. मग वाक्ये नाव न सांगता वर्गात वाचावीत आणि मित्र ओळखावा. विशेषणांनी लिहिलेले वर्णन अर्ध्या वर्गाला लागू पडते. क्रियापदांनी लिहिलेले वर्णन बहुधा एकालाच लागू पडते. दुसरा उपक्रम स्वतःविषयी : गेल्या वर्षात तुम्ही सुरू केलेली आणि पूर्ण केलेली एक गोष्ट, मध्ये आलेली अडचण आणि तिच्यावर केलेला उपाय, १० ओळींत. निवड मंडळापुढे जाणाऱ्यालाच हे उपयोगी पडेल असे नाही. नोकरीच्या मुलाखतीत, शिष्यवृत्तीच्या अर्जात आणि कथेतले पात्र उभे करतानाही लागते ते हेच.

यासाठी शिक्षकाला एक वही ठेवावी लागेल. आठवड्यातून एका विद्यार्थ्याची एक नोंद, तारखेसह. चाळीस मुलांच्या वर्गात वर्षभरात प्रत्येकाची एकच नोंद होईल, पण पाच वर्षांत पाच होतील. दाखला लिहिताना ती वही उघडायची.

माझी वही आता तिसऱ्या वर्षात आहे. तो विद्यार्थी पुढे हवाई दलाच्या दुसऱ्या शाखेसाठी अर्ज करणार होता, तेव्हा पुन्हा दाखल्यासाठी आला. त्याच्या शाळेच्या दिवसांची वही माझ्याकडे नव्हती. मी त्यालाच समोर बसवले आणि आम्ही दोघांनी आठवून काढले : नववीत त्याने शाळेचा बंद पडलेला पंप दोन दिवस खटपट करून सुरू केला होता. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा बंद पडला, तेव्हा त्याने वायरमनला बोलावून त्याच्याकडून चूक समजून घेतली होती. मी ते तसेच लिहिले, तारीख आठवत नसल्याने वर्ष तेवढे घातले. दाखला वाचून तो म्हणाला, “सर, हे तर मी विसरलोच होतो.”